सातबारा जुळतो, खाते जुळत नाही

मिरजेच्या लक्ष्मी मार्केटजवळ एका बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर दर रविवारी सकाळी आमचा कट्टा भरतो. गेल्या रविवारी मास्तर नेहमीपेक्षा उशिरा आले आणि चहाचा ग्लास हातात घेण्याआधीच त्यांनी आपल्या आईंचा फोन पायरीवर ठेवला. "यातून बाबांचे फोटो कोणी काढून दिले तर द्या, नाहीतर हा फोन मी कृष्णेत सोडून येणार आहे," असे ते म्हणाले, तेव्हा आजचा विषय ठरला हे सगळ्यांच्या ध्यानात आले.

प्रकरण असे होते. मास्तरांच्या आईंनी नऊ वर्षांत तीन फोन वापरले आणि प्रत्येक फोनबरोबर एकाच कंपनीत त्यांचे एकेक नवे खाते निघाले. पहिल्या खात्यात मास्तरांच्या वडिलांच्या पंचाहत्तरीचे फोटो आहेत, दुसऱ्यात नातेवाइकांचे नंबर आहेत, आणि तिसऱ्यात रोज 'जागा संपत आली' असा निरोप येत असतो. दुसऱ्या खात्यातली मोफत जागा जवळजवळ रिकामी आहे, पण तिचा तिसऱ्याला उपयोग नाही. पहिल्या खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही आणि तो बदलायचा तर कंपनी ज्या नंबरवर ओटीपी पाठवते तो नंबर वडिलांचा आहे. वडील गेल्यावर त्या सिमकार्डात कोणी पैसे भरले नाहीत आणि ते बंद झाले. कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण त्या पायरीवर बसलेल्या प्रत्येकाची अशीच तक्रार होती आणि प्रत्येकाची कंपनी एकच नव्हती.

"ही तीन खाती काढली कोणी?" या भाऊसाहेबांच्या प्रश्नावर सर्वांनी एकदम शेठकडे पाहिले. शेठचे मोबाईलचे दुकान आहे आणि मास्तरांच्या घरातले सगळे फोन तिथूनच गेलेले आहेत. शेठ मात्र खजील झाले नाहीत. ते म्हणाले, "मी काढली, आणि उद्या पुन्हा काढीन. आई फोन घ्यायला आल्या, त्यांना जुने खाते विचारले, तर त्या म्हणाल्या की आमचे काही खाते-बिते नाही. मागे चार गिऱ्हाईक उभे. नवा फोन खाते मागतो, त्यावाचून त्यात एक ॲप उतरत नाही. मग मी काय करावे? आणि जुन्या फोनचे ऐका. अँड्रॉइडमध्ये २०१५पासून अशी सोय आहे, की चोराने फोन पुसला तरी आधीचे खाते टाकल्याशिवाय तो उघडत नाही. चोरासाठी केलेली ती सोय माझ्याकडे येते ती म्हाताऱ्या माणसांच्या फोनमधून. नातवाने फोन पुसला, खाते कोणाला माहीत नाही, आणि दहा-बारा हजारांचा फोन पाटावर वरवंटा ठेवावा तसा निपचित पडला."

शेठचे हे म्हणणे मला तेव्हाही पटले आणि आता लिहितानाही पटते. खाते म्हणजे माणूस, असे ही कंपनी धरून चालते. आपल्याकडे मात्र निम्म्या घरांत खाते म्हणजे फोन असते. फोन बदलला की ते मागे राहते, जसे भाड्याचे घर सोडताना भिंतीतले खिळे मागे राहतात.

शनिवार-रविवार पुण्याहून येणारा, आणि ज्याला आम्ही सगळे नुसते 'आयटी' म्हणतो, तो आतापर्यंत गप्प होता. त्याने मास्तरांना विचारले, की तिन्ही खाती एकत्र करून मिळावीत असे त्यांना वाटते का. "अर्थात," मास्तर म्हणाले. "माणूस एक, कंपनी एक, तर खाते एक का नको?"

"कारण ती तिन्ही एकाच माणसाची आहेत हे कंपनीने कशावरून मानायचे?" आयटीने विचारले. "आईंना तिन्ही पासवर्ड माहीत असते तर गोष्ट निराळी, पण पासवर्ड माहीत असणे म्हणजे मालक असणे नव्हे. नवऱ्याला बायकोचा पासवर्ड माहीत असतो, भागीदाराला भागीदाराचा असतो. उद्या भांडण झाले आणि एकाने दोघांची खाती एकत्र करून आपल्या नावावर घेतली, तर ती पुन्हा वेगळी कशी करणार? आणि एकच खाते असावे हा हट्ट कंपनीने एकदा धरला होता, तेव्हा तुम्ही लोकांनीच बोंब मारली होती." त्यानंतर त्याने गूगलचा इतिहास सांगितला, तो थोडक्यात असा. मार्च २०१२मध्ये गूगलने आपल्या साठाहून अधिक सेवांची निरनिराळी गोपनीयता धोरणे मोडून एकच धोरण केले, म्हणजे ईमेलात काय लिहिले आणि यूट्यूबवर काय पाहिले हे एकाच माणसाच्या नावाखाली जोडता येऊ लागले. २०११मध्ये निघालेल्या गूगल प्लस या समाजमाध्यमाचे खाते असल्याशिवाय यूट्यूबवर प्रतिक्रिया लिहिता येणार नाही, असे २०१३च्या नोव्हेंबरमध्ये ठरले. लोक इतके चिडले, की २०१५मध्ये कंपनीने ती सक्ती मागे घ्यायला सुरुवात केली आणि सामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस तर एप्रिल २०१९मध्ये बंदच झाले. "कचेरीचे काम, घरचे फोटो आणि रात्री एकट्याने पाहिलेली गाणी एका दावणीला बांधू नयेत, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी निरनिराळी खाती हीच सोय आहे. माझी स्वतःची चार आहेत आणि चारही मला हवी आहेत," असे म्हणून त्याने चहा संपवला.

यावर तंतुवाद्यवाले उसळले. त्यांच्या घरात तीन पिढ्या तानपुरे आणि सतारी घडवल्या जातात, आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारी घोडीची घासणी, कशी लावतात याचे त्यांनी केलेले व्हिडिओ परदेशातूनही पाहिले जातात. पण ते सगळे व्हिडिओ भाच्याच्या जुन्या खात्यावर आहेत, कारण सुरुवात त्याने करून दिली होती. भाचा आता बंगळूरला असतो आणि नोकरीच्या गडबडीत त्याला मामाचा फोन घ्यायला सवड होत नाही. ते म्हणाले, "तुला चार खाती हवी होती म्हणून तू काढलीस. मला एकही नको होते. माझे दुकान माझ्या नावावर, हत्यारे माझ्या नावावर, आणि जवारीचा आवाज मात्र भाच्याच्या नावावर, हा कुठला न्याय?" एका खात्यावरच्या वाहिनीला दुसरा व्यवस्थापक नेमता येतो, असे आयटीने सांगू पाहिले, पण त्यासाठीही आधी भाच्याने फोन घ्यावा लागतो.

भाऊसाहेब निवृत्त तलाठी आहेत आणि त्यांच्या बोलण्यात सातबारा आल्याशिवाय कट्टा उठत नाही. या वेळी मात्र तो अगदी जागेवर आला. मुंबई राज्यात १९४७मध्ये जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याचा आणि त्यांचे एकत्रीकरण करण्याचा कायदा झाला, आणि त्यातून गावोगाव एकाच शेतकऱ्याचे विखुरलेले तुकडे जुळवून गट पाडले गेले; आजचा गट नंबर हा त्याच योजनेचा आहे. "म्हणजे सरकारला जे कागदावर आणि साखळीने मोजून जमले ते यांना संगणकावर जमत नाही?" असे मास्तरांनी लगेच विचारले. भाऊसाहेब हसले. "जमले असे कसे म्हणू? एकत्रीकरणात बांध चुकले, क्षेत्र कमी-जास्त लागले, आणि त्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. या पोराचे म्हणणे खोटे नाही, जोडण्यात चूक होते आणि ती पिढ्यान्पिढ्या निस्तरावी लागते. पण माझ्याकडे फेरफार आला की मी तो नोंदवून संबंधितांना नोटीस काढत होतो, हरकतीला पंधरा दिवस देत होतो. मग मंडळ अधिकारी तो मंजूर किंवा नामंजूर करायचा, आणि तो चुकला तर वर प्रांताकडे अपील होते. माणूस चावडीत येऊन माझ्यावर ओरडू शकत होता. मास्तरांनी कोणावर ओरडायचे?"

खरी मेख इथे होती असे मला वाटते, आणि आयटीकडेही याचे उत्तर नव्हते. मास्तरांनी कंपनीच्या मदतीच्या पानावर तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. प्रत्येक वेळी त्याच चार प्रश्नांतून फिरून ते पुन्हा पहिल्याच प्रश्नावर येत होते, आणि शेवटी 'हे खाते तुमचेच असल्याची खात्री पटली नाही' असा निकाल येत होता. निकाल कोणी दिला, कशावरून दिला आणि त्यावर दाद कुठे मागायची, याचा त्यात एक शब्दही नव्हता.

वकीलसाहेब मिरज कोर्टात वकिली करतात आणि फी मिळत नसेल तेव्हा मोजकेच बोलतात. त्यांनी आयटीला विचारले, की एका खात्यातला माल दुसऱ्यात नेणे अशक्य आहे की नको आहे. आयटी प्रामाणिक मुलगा आहे. त्याने आपल्याच विरुद्ध जाणारा पुरावा काढून दिला. ॲपलच्या एका खात्यावर विकत घेतलेली ॲप आणि गाणी दुसऱ्या खात्यावर नेण्याची मागणी ग्राहक कित्येक वर्षे करत होते आणि तशी सोय नव्हती. फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीने ती सोय काढली, पण काढताना युरोपीय संघ, ब्रिटन आणि भारत एवढे वगळले. मायक्रोसॉफ्टमध्ये एकाच ईमेल पत्त्यावर एक घरचे आणि एक कचेरीचे अशी दोन खाती असू शकत होती, आणि दार उघडताना कंपनीच ग्राहकाला विचारत असे, की यांतले कोणते. २०१६मध्ये त्यांनी कचेरीच्या अशा पत्त्यांवर नवी घरगुती खाती काढणे थांबवले. "म्हणजे अशक्य नाही," वकीलसाहेब म्हणाले. "मोबाईलचा नंबर तसाच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११पासून देशभर झाली, ती कंपन्यांना आपले प्रेम आले म्हणून नव्हे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नियम केला म्हणून झाली."

इथे मीही माझा अनुभव सांगितला. तीन नोकऱ्यांमुळे माझी भविष्य निर्वाह निधीची तीन खाती होती. २०१४मध्ये यूएएन, म्हणजे सभासदाचा नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक, आला, तिन्ही त्या एका क्रमांकाखाली आली आणि जुन्या खात्यांतली रक्कम मी चालू खात्यात वळवून घेतली. खाती निघाली तेव्हा तीनच निघाली, पण त्यांच्या मागे उभा असलेला सभासद एकच आहे हे मानण्याची पद्धत कोणीतरी ठरवली होती. आयटीने लगेच अडवले, की त्यासाठी आधार, पॅन आणि बँक खाते द्यावे लागते. फोटोंच्या कंपनीला तुम्ही आधार देणार का? मी देणार नव्हतो. तो मुद्दा मी गमावला, हे कबूल केले पाहिजे.

वकीलसाहेबांनी मग २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याचा विषय काढला. युरोपात मे २०१८पासून लागू असलेल्या जीडीपीआर या विदा संरक्षणाच्या कायद्याने माणसाला आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे २०१९च्या विधेयकात तसाच हक्क होता, पण २०२३मध्ये जो कायदा संमत झाला त्यात तो राहिला नाही. मृत्यूनंतर आपले हक्क कोणी बजावायचे यासाठी नामनिर्देशन करण्याची तरतूद मात्र त्यात चौदाव्या कलमात आहे. "बाबांनी कोणाला नामनिर्देशित केले होते का?" असे त्यांनी विचारले, आणि मास्तरांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी पुढचे कलम सांगितले नाही. वडिलांनी विम्याला, बँकेला आणि सोसायटीला आईंचे नाव लावले होते. फोटोंना नाव लावायचे असते हे त्यांना कोण सांगणार?

"घाई मात्र करायला हवी," आयटी म्हणाला. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसले जाऊ शकते असे धोरण गूगलने मे २०२३मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून अशी खाती काढायला सुरुवात केली. इतर कंपन्यांचेही आपापले नियम आहेत, आणि आईंचे पहिले खाते किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही.

तेव्हा शेठ उठले, समोर दुकानात गेले आणि एक लांबट, लाल पाठीची वही घेऊन आले. नऊ-दहा वर्षांत त्यांनी ज्या ज्या गिऱ्हाइकाचे खाते काढून दिले, त्याचे नाव, खाते आणि पासवर्ड त्या वहीत शाईने लिहिलेला होता. आयटीने कपाळावर हात मारला. अर्ध्या मिरजेचे पासवर्ड उधारीच्या वहीसारखे लिहून ठेवणे हा किती मोठा धोका आहे, हे तो पाच मिनिटे सांगत होता, आणि त्यातला शब्दन्शब्द खरा होता. शेठ तोपर्यंत पाने उलटत होते. आईंचे नाव सापडले. पासवर्ड म्हणजे त्यांच्या गावाचे नाव आणि पुढे १२३ एवढाच होता.

मास्तरांनी तो टाकला आणि तो बरोबर निघाला. खाते अजून होते. लगेच पुढचा पडदा आला, की हा फोन नवा आहे, म्हणून वडिलांच्या नंबरवर पाठवलेले सहा अंक टाका.

बंद झालेला नंबर नव्वद दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, असे ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितलेले वकीलसाहेबांना आठवत होते. इथे तर वर्षे उलटली होती. मास्तरांनी बराच वेळ विचार करून तो नंबर लावला. पलीकडून इचलकरंजीच्या एका मुलीने फोन उचलला. मास्तरांनी आपण शिक्षक आहोत, हा नंबर पूर्वी वडिलांचा होता, त्यांचे फोटो हवे आहेत, असे सगळे शांतपणे सांगितले आणि आता आलेले सहा अंक तेवढे वाचून दाखवण्याची विनंती केली. तिने सगळे ऐकून घेतले. मग, "काका, ओटीपी कोणालाही सांगू नका असा बँकेचा मेसेज मला रोज येतो," असे म्हणून तिने फोन ठेवला.

"तिचे बरोबर आहे," आयटी म्हणाला. त्याला कोणीच विरोध केला नाही.

शेठने वहीतले कोरे पान काढले आणि आईंच्या नव्या फोनसाठी चौथे खाते काढायचे की तिसरेच चालवायचे, असे विचारले. मास्तर म्हणाले, "तिसरेच चालू दे," आणि ओटीपीच्या रकान्यात त्यांनी आधी आपला नंबर लिहिला, मग बायकोचा आणि मग मुलाचा.