'आमच्या वेळी सगळे शिकलेच' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वाचनात पुढे अडचण येण्याची शक्यता असलेली मुले बालवाडीतच हेरावीत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. मी चार वर्षांच्या पोरांवर शिक्के मारायला निघाले आहे, इंग्रजी मुलांवरचे संशोधन मराठीला लागू होत नाही, अंगणवाडी सेविकांना आधीच कामे थोडी नाहीत, आणि "आमच्या वेळी असली थेरं नव्हती, तरी सगळे वाचायला शिकलेच," असे आपले म्हणणे आहे. एक चूक आधीच मान्य करते. अंगणवाड्या जिच्याखाली चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. मी १९७६ लिहिले होते, ते दुरुस्त केले आहे. मात्र तेवढ्यासाठी "बाईंनी आधी स्वतः नीट वाचायला शिकावे" असे लिहिण्याची आवश्यकता होती का, हे आपणच ठरवावे.

आता आपल्या त्या 'सगळे' या शब्दाकडे वळते. सांगली जिल्ह्यात ३१ वर्षे मी पहिली-दुसरीला शिकवले, तेव्हा मला हे खोलीत बसून सुचलेले नाही. पण शाळेचे राहू द्या, माझ्या घरातलेच सांगते. माझा थोरला भाऊ दुसरीत दोनदा बसला, मार खाल्ला, 'ढ' ठरला आणि चौथीनंतर मार्केट यार्डात हळदीची पोती उचलू लागला. तोंडी हिशेबात त्याने कधी व्यापाऱ्याला पैशाने चुकू दिले नाही. एसटीची पाटी मात्र तो अजून शेजारच्या माणसाला विचारतो. शिक्का म्हणतात तो हा, आणि तो आपल्याच 'त्या वेळी' बसला.

लहानपणी तो भेंड्यांना बसत नसे. गाण्याचे शेवटचे अक्षर त्याच्या कानाला पकडता येत नसे, आणि आम्ही भावंडे हसत असू. आज एखादे मूल 'कमळ' म्हणताना तीन टाळ्या वाजवू शकत नसेल, 'कावळा, कांदा, बशी' यांतला वेगळा आवाज त्याला सापडत नसेल, ते बोलायलाही उशिरा लागले असेल आणि घरात कुणाला वाचनाचा त्रास असेल, तर पुढे त्याला वाचन जड जाण्याची शक्यता धरून मी त्याच्याशी हेच खेळ रोज दहा मिनिटे जास्त खेळा, असे सांगते. हे निदान नव्हे. वाचायला शिकवण्याआधी ते करताही येत नाही, आणि माझ्या लेखात तसे स्पष्ट लिहिले होते. आपण तिथपर्यंत पोहोचला नसाल.

संशोधनाच्या भाषेचा मुद्दा आहे खरा. आपल्या अक्षरात व्यंजनासोबत स्वर येतो, त्यामुळे फरक पडतो, पण त्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन. सेविकांच्या कामाचे शासनाला विचारावे. मुलांचे वाचन आणि गणित पक्के करण्यासाठी केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तीन वर्षांपासूनची मुले धरली आहेत, म्हणजे ही 'थेरं' माझ्या एकटीची नाहीत.

भावाची नात आता साडेचार वर्षांची आहे. तिच्याशी मी रोज संध्याकाळी भेंड्या खेळते, आणि ती कुठे अडते ते वहीत टिपून ठेवते. याला आपण शिक्का म्हणणार असाल, तर खुशाल म्हणा.