प्रवासाची अ‍ॅप फोनमध्ये का टिकतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लोक ही अ‍ॅप ठेवतात ती सवलतींमुळे आणि नोटिफिकेशनच्या भडिमारामुळे; बाकी सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि मी उगाच अ‍ॅपची भलामण केली.

सवलतीचं अर्धं मान्य. तिच्यापायी अ‍ॅप फोनवर येतं. पण ते राहणार की जाणार, हे ठरतं प्रवासाच्या दिवशी. दर बघायला, चार ठिकाणची तुलना करायला ब्राउझरच बरा, त्यात वाद नाही.

विमानाचा बोर्डिंग पास घ्या. त्याच्या बारकोडमध्ये नाव, पीएनआर, कुठून कुठे, फ्लाइट नंबर, तारीख, सीट आणि चेक-इनचा क्रमांक असतो. गेट नसतं. म्हणजे सकाळी काढलेला स्क्रीनशॉट दुपारी स्कॅन होईल, पण त्यावरचं गेट एव्हाना बदललेलं असू शकतं. आणि सीट बदलली, तर बारकोडही जुनाच. नवं गेट, नवा पास आपण न विचारता समोर येतो, एवढ्यासाठी माणूस अ‍ॅप ठेवतो. ब्राउझरमध्ये तेच बघायला पीएनआर आणि आडनाव पुन्हा टाका, तेही एका हातात बॅग धरून!

नोटिफिकेशनचा वैताग खरा आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या नोटिफिकेशनचे प्रकार वेगवेगळे दिसतात. ऑफर बंद करा, प्रवासाची माहिती चालू ठेवा. सगळं एकाच प्रकारात कोंबणारं अ‍ॅप मात्र खुशाल काढून टाका.

अ‍ॅप दगा देतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, तिकीट मध्यस्थाच्या अ‍ॅपवरून काढलेलं असतं. त्याचा बुकिंग क्रमांक वेगळा, विमान कंपनीचा सहा अक्षर-अंकांचा पीएनआर वेगळा. पहिला क्रमांक कंपनीच्या अ‍ॅपमध्ये टाकला की ‘बुकिंग सापडत नाही’. शिवाय वेळ बदलल्याचा मेल मध्यस्थाकडेच अडकू शकतो. म्हणून पीएनआर शोधून बुकिंग कंपनीच्या अ‍ॅपमध्येही जोडून ठेवावं.

दुसरं ओटीपीचं. परदेशात घरचं सिम बंद, अ‍ॅप लॉगआउट झालेलं, आणि ओटीपी त्याच नंबरवर. निघण्याआधी तिकीट एकदा उघडा, एअरप्लेन मोड लावा, अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडा. तिकीट दिसलं तर ठीक. नुसतं चक्र फिरत राहिलं तर पीडीएफ उतरवून ठेवा.

टीकाच करायची तर खरी जागा वेगळी आहे, ती तुमच्याकडून सुटली. सहप्रवाशांची नावं, पासपोर्टचे तपशील, कार्ड, पॉइंट सगळं एकाच अ‍ॅपमध्ये साठलं की दुसरीकडे जायचा कंटाळा येतो. तिथे सोय आणि अडकवणूक यांत फरक उरत नाही. रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे ‘लगेच’ म्हणून अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये देऊ करतात, तेही त्यातलंच. त्या रकमेला मुदत असू शकते, आणि ती खर्चायची त्याच अ‍ॅपमध्ये. चार दिवस उशीर झाला तरी चालेल, पर्याय असेल तर पैसे मूळ कार्डावर किंवा खात्यातच मागा.