बुधवारी गहू, रविवारी कुरडई

उन्हाळी वाळवणाच्या आठवणीने ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी लहानपणी कुरडया राखलेल्या असतात. ज्यांनी त्या केलेल्या असतात, त्यांचा हात आधी खांद्याकडे जातो. मी राखणाऱ्यांपैकी. त्यामुळे मार्च उजाडला की “यंदा घरीच करू या” हे वाक्य माझ्याच तोंडून निघतं.

साहित्य फार नाही. गहू एक किलो, मीठ, चिमूटभर हिंग, पाणी आणि चार माणसं. यातला शेवटचा जिन्नस हल्ली वाण्याकडे मिळत नाही.

नोकरदार घरात बुधवारी संध्याकाळी गहू भिजत घालावा. खपली मिळाला तर उत्तम, नाहीतर लोकवन. पाणी गव्हाच्या चार बोटं वर. ते रोज बदलायचं, आणि मे महिना असेल तर दिवसातून दोनदा. शुक्रवारी एक वेळ जरी विसरलात तरी शेजारी दारावर येऊन नाक न मुरडता, अत्यंत सभ्यपणे, “ड्रेनेज तुंबलंय का हो?” असं विचारतात. पाणी बदललं तरी थोडा आंबूस वास येणारच, तो गव्हाचा हक्क आहे. गहू भिजला की नाही हे घड्याळाला विचारू नका. दाणा चिमटीत दाबा. पांढरं दूध बाहेर आलं आणि हातात नुसतं टरफल उरलं तर झालं. तोवर तुम्ही काहीही करायचं नसतं. हेच आपल्याला जमत नाही. दर चार तासांनी झाकण उघडून बघणाऱ्याचा गहू लवकर भिजल्याची नोंद नाही.

शनिवारी दळण. मिक्सर सलग फिरवला तर कोंडाही बारीक होतो, चाळणीतून निसटतो आणि कुरडई तांबूस येते. म्हणून थोडा थोडा गहू घ्यायचा, थांबत थांबत फिरवायचा, पाणी घालून पिळायचा. चोथा परत दळायचा, परत पिळायचा. मग सगळं दूध पातळ फडक्यातून गाळून पातेलं झाकून ठेवायचं आणि रात्रभर त्याला हात लावायचा नाही. या दुधातलं गव्हाचं सत्त्व म्हणजे चीक. तो जड, तळाशी बसतो. वरचं पिवळसर पाणी सकाळी हलक्या हाताने ओतून टाकायचं. रात्री कुणी पातेलं सरकवून फ्रीज उघडला, की चीक परत ढवळला जातो आणि सकाळी आपणही.

रविवारी पहाटे पाचला गॅस पेटतो, कारण कुरडईला पहिल्या दिवसाचं अख्खं ऊन हवं. दाट चीक मापाने जितका भरेल तितकंच पाणी उकळायचं. मीठ जरा हात आखडूनच घालावं, वाळल्यावर खारटपणा वर येतो. मग आच मंद करून एकाने चिकाची बारीक धार धरायची आणि दुसऱ्याने चाटू फिरवत राहायचं. इथे घाई केली तर चिकाचं बाहेरचं अंग लगेच शिजतं, आत कच्चा चीक अडकतो आणि गुठळी होते. ती गुठळी पुढे शेवेच्या चकतीत बसते आणि सोऱ्या दाबणाऱ्याच्या तोंडून शिव्या बाहेर काढते. कुरडई मात्र काढत नाही. चाटू फिरवणाऱ्याने फोन घेऊ नये. खरं तर त्या दहा मिनिटांत कुणाला त्याचा फोन लागत नाही, हा या पदार्थाचा औषधी गुण आहे.

झाकण ठेवून वाफ आणायची. चीक चकाकू लागला आणि ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की शिजला. कच्चा राहिला तर वाळताना कुरडईला तडे जातात आणि डब्यात भुगा भरावा लागतो. शिजल्यावर मात्र धावपळ, कारण थंड झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही. त्याआधी वाटीभर गरम चीक खायचा. दूध-साखर घालून की तेल-तिखट घालून, यावर एकाच घरात दोन पक्ष असतात. मी दूध-साखरवाला. रव्याच्या झटपट कुरडया तळल्यावर फुलतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात ही वाटी नसते.

प्लास्टिकवर घातलेल्या कुरडया वाळल्या की आपोआप सुटतात. जुन्या धोतरावर घातल्या असतील तर कापडाला मागून पाण्याचा हात लावावा लागतो. संध्याकाळी उलटायच्या, दोन-तीन कडक उन्हं द्यायची. कावळ्यांपासून राखायला पोरं बसवावीत, आणि पोरांपासून राखायला एखादी आजी. अर्धवट वाळलेली चिवट कुरडई कावळ्यापेक्षा राखणदारालाच जास्त आवडते. मोजून घातल्या असतील तर मोजून उचलू नका, मनाला त्रास होतो.

चोथा फेकायचा नसतो. मीठ, तिखट, जिरं, तीळ घालून त्याच्या भुसवड्या होतात. तो सध्या फ्रीजमध्ये दह्याच्या मागे ठेवला आहे. चारही माणसं झोपली आहेत आणि आभाळ आलंय.