हेरेसला दुपारी नको, सकाळी जा

दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिलहून दुपारी निघून हेरेस शहरातली शेरी, म्हणजे तिथली प्रसिद्ध वाइन, पाहून या, असं एका प्रवासलेखात सुचवलंय. तो बेत बदलाच. दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात, ती थेट पाचनंतर उघडतात, आणि ऑगस्टमध्ये त्या वेळी रस्त्यावर उभंही राहवत नाही. रेल्वेने साधारण सव्वा तास लागतो. सकाळची गाडी धरा आणि बोदेगाची, म्हणजे शेरी मुरवण्याच्या कोठाराची, इंग्रजी फेरी आधीच बुक करा.

आत गेल्यावर आधी पायाखाली बघा. पिवळसर माती असते. हवा गार आणि दमट राहावी म्हणून उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. ६०० लिटरचं पिंप साधारण ५०० लिटरच भरतात. रिकाम्या जागेत फिनोवर, म्हणजे फिकट, कोरड्या शेरीवर, यीस्टची पांढरी साय धरते आणि तीच वाइनला हवेपासून जपते. काही बोदेगांत काचेचं तोंड बसवलेलं पिंप असतं, त्यात ही साय स्पष्ट दिसते. तिथे घाई करू नका! बाटल्यांसाठी वाइन पिंपांच्या सर्वांत खालच्या रांगेतून काढतात, तीही थोडीच, आणि तूट वरच्या रांगेतून भरतात. असं वेगवेगळ्या वर्षांच्या वाइनचं मिश्रण होतं, म्हणूनच बाटलीवर सहसा वर्ष नसतं.

चाखताना फिनो आधी, मग अमोंतियादो आणि ओलोरोसो या गडद शेरी. पेद्रो हिमेनेस अगदी शेवटी. ती इतकी गोड आणि दाट असते की तिच्यानंतर फिनोची चवच कळत नाही. घरी न्यायची तर ओलोरोसो घ्या, उघडल्यावरही काही आठवडे टिकते. फिनो फ्रिजमध्ये ठेवली तरी आठवडाभरात उतरते.

हेरेसच्या राजेशाही अश्वशाळेतला घोड्यांचा खेळही बघायचा असेल, तर तो रोज नसतो. त्याचे वार पाहूनच तिकीट काढा.