खाण्यासाठी मारलेले रानडुक्कर आणि कमी करण्यासाठी मारलेले रानडुक्कर

कट्ट्यावरचा हा वाद एका साध्या विधानातून सुरू झाला. शिकारीची बाजू घेणारा आमचा मित्र म्हणाला की, अमेरिकेत रानडुकरे शेते उकरून टाकतात, त्यांचे मांस खाण्याजोगे असते आणि शिकाऱ्यांना ती हवीच असतात. तेव्हा बंदुकवाल्यांना मोकळीक द्यावी, शेत वाचेल आणि मांसही वाया जाणार नाही. मांडणी इतकी सुसंगत होती की पहिली काही मिनिटे कुणालाच हरकत सुचली नाही.

हरकत घेतली ती वन्यजीवशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीने. ती म्हणाली, "अरे, मोकळीक देऊन झालेली आहे. टेनेसी राज्यात सुमारे 50 वर्षे रानडुकरे साधारण 15 काउंट्यांपुरती, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांपुरती, होती. 1999 मध्ये तिथे संख्या आटोक्यात आणण्यासाठी राज्यभर शिकार खुली केली आणि किती मारावीत याची मर्यादाही काढून टाकली. 2011 पर्यंत रानडुकरे जवळपास 80 काउंट्यांमध्ये पोहोचली होती." इतकी शिकार होऊनही ती पसरली कशी, असे मित्राने विचारले, तेव्हा तिने दिलेले उत्तर मला अजून अस्वस्थ करते. शिकारीची हौस वाढली, तशी जवळच्या रानात शिकार मिळावी म्हणून माणसांनीच डुकरे गाड्यांत घालून नव्या ठिकाणी नेऊन सोडली.

या प्राण्याचा त्या खंडातला सगळा इतिहासच याला साक्ष आहे. डुक्कर तिथले मूळचे नाही. 1539 मध्ये स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख हर्नांडो दे सोतो फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याने फिरती शिदोरी म्हणून सोबत डुकरे आणली होती; पुढे वसाहतवाल्यांनी मोकाट चरायला सोडलेली डुकरेही रानटी झाली. 1912 मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड येथे शिकारीसाठी राखलेल्या खासगी रानात युरोपातली अस्सल रानडुकरे केवळ शिकारीसाठी आणली गेली, ती कुंपणातून निसटली आणि मोकाट डुकरांत मिसळली. म्हणजे आधी खाण्याच्या सोयीसाठी आणि मग मारण्याच्या हौसेसाठी माणसानेच जी अडचण उभी केली, तिच्यावर तीच हौस उपाय म्हणून सांगितली जात होती. मित्राला हे पटले नाही. आजच्या शिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच्या चुकीचा भार का उचलावा, असे तो म्हणाला, आणि त्याचा हा प्रश्न मला रास्त वाटला.

म्हणून मैत्रिणीने इतिहास बाजूला ठेवून कळपाकडे लक्ष वेधले. रानडुकरांचा कळप म्हणजे मुख्यतः नात्यातल्या माद्या आणि त्यांची पिल्ले. वयात आलेला नर बहुधा एकटा फिरतो. मादी वर्षाच्या आतच माजावर येऊ शकते, तिचा गर्भकाळ सुमारे 115 दिवसांचा असतो, एका वेतात सहसा चार ते सहा पिल्ले होतात आणि चारा भरपूर असला तर वर्षात दुसरे वेतही होऊ शकते. संख्या नुसती स्थिर ठेवायची तरी दर वर्षी साधारण 70 टक्के डुकरे कमी करावी लागतात, असा अंदाज नेहमी दिला जातो. रानात बसलेला शिकारी एक किंवा दोन डुकरे पाडतो, उरलेला कळप उधळतो, वेगवेगळ्या दिशांना जातो, रात्रीच बाहेर पडायला शिकतो आणि आमिषाजवळ येताना बिचकतो. याउलट मोठा कोंडवाडा उभारून आठवडा-दोन आठवडे धान्य टाकायचे, कॅमेऱ्यातून पाहत राहायचे आणि शेवटचे पिल्लू आत आल्यावरच दार पाडायचे, या पद्धतीत अख्खा कळप एका रात्रीत हाती लागतो. मधेच कुणी गोळी झाडली, तर ही सगळी मेहनत फुकट जाते. याच कारणाने मिसूरी राज्याच्या संवर्धन विभागाने 2016 मध्ये आपल्या ताब्यातील जमिनींवर रानडुकरांच्या शिकारीला बंदी घातली. टेक्सासने मात्र उलट वाट धरली आणि 2011 मध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालण्यासाठी पैसे देऊन येणाऱ्या शिकाऱ्यांनाही परवानगी देणारा कायदा केला.

इथवर आल्यावर मित्र थोडा नमला, पण त्याने आपला मुद्दा सोडला नाही. "कमी होत नसतील, पण मारलेले खाल्ले जाते ना?" असे तो म्हणाला. तेव्हा इतका वेळ गप्प असलेला आमचा पशुवैद्य बोलू लागला. त्याच्या मते लोक ताटातल्या मांसाची धास्ती घेतात, पण खरा धोका बऱ्याचदा त्याआधीच, पोट फाडून आतडी काढताना असतो. रानडुकरात ब्रुसेलाचे जंतू असू शकतात. रक्त किंवा गर्भाशयातला स्राव हातावरच्या बारीकशा चिरेला लागला, तरी माणसाला पुन्हा पुन्हा उलटणारा ताप आणि दीर्घकाळची सांधेदुखी जडू शकते. म्हणून हातमोजे हवेत, डोळ्यांवर झाकण हवे आणि काम झाल्यावर हात व सुरी स्वच्छ धुवायला हवी. कच्चे अवयव कुत्र्यांपुढे टाकण्याची सवय तर त्याने अगदी कळकळीने धिक्कारली, कारण रानडुकरांतला स्यूडोरेबीजचा विषाणू माणसाला सहसा बाधत नाही, पण कुत्र्याला तो जवळजवळ नक्की मारतो. ट्रायकिनेला या स्नायूंत दडणाऱ्या कृमीसाठी त्याने एकच आकडा सांगितला: मांसाच्या गाभ्यात 71 अंश सेल्सिअस, आणि तेही तापमापक खुपसून पाहिलेले. गोठवून ठेवले की झाले, हा समज रानटी प्राण्यांच्या बाबतीत चालत नाही, कारण या कृमीच्या काही जाती थंडी सहन करतात. धुरी देणे किंवा खारवणे यावरही भरवसा ठेवता येत नाही.

स्वयंपाकात मुरलेल्या आमच्या दुसऱ्या मैत्रिणीने यावर जे सांगितले, त्याने माझ्या मनातला गुंता बराचसा सुटला. रानडुकराचे मांस पाळीव डुकराहून गडद आणि कमी चरबीचे असते. मोठ्या आचेवर भाजले तर ते कोरडे पडते, झाकून मंद आचेवर तासन्‌तास शिजवले तर मऊ होते. मोठ्या सुळ्यांच्या, वयात आलेल्या नराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही द्रव्ये साठतात आणि तापवली की त्यांचा उग्र दर्प येतो. खाणाऱ्याला हवी असते ती तरुण मादी. आता याची सांगड घाला: भिंतीवर डोके टांगण्यासाठी शिकारी निवडतो तो मोठा नर खायला सर्वांत वाईट, आणि तो गेल्याने कळपाची वीणही थांबत नाही, कारण दुसरा नर त्याची जागा घेतो. खाण्यासाठी निघालेला माणूस मादी टिपतो, म्हणजे निदान योग्य जागी घाव घालतो. कळप उधळण्याचा दोष त्यालाही लागतोच, तरीही मी या दोघांना एकाच तराजूत घालणार नाही. स्वतः मारलेले, स्वतः सोललेले आणि नीट शिजवून खाल्लेले रानडुक्कर यात मला गैर काही दिसत नाही. त्याला शेतकऱ्यावरचा उपकार म्हणून सांगणे मात्र मला अप्रामाणिक वाटते.

मित्राने तेव्हा असा प्रश्न टाकला की, त्यावर आम्ही दिवे लागेपर्यंत बोलत बसलो. कोंडवाड्यात एका रात्रीत तीस डुकरे सापडली, तर त्यांचे करायचे काय? पशुवैद्याने सांगितले की, अमेरिकेत विकायचे मांस तपासणी असलेल्या कत्तलखान्यातूनच बाहेर पडावे लागते, त्यामुळे रानात गोळी घातलेल्या डुकराचे मांस विकता येत नाही. टेक्सासमध्ये जिवंत पकडलेली डुकरे अशा कत्तलखान्यांत नेण्याची व्यवस्था आहे, पण जिथे ती नाही तिथे घरी खाता येईल किंवा वाटता येईल तेवढे सोडून बाकीची पुरावी लागतात. वन्यजीवशास्त्राच्या मैत्रिणीला जिवंत डुकरांच्या वाहतुकीची भीती वाटत होती, कारण त्याच गाड्यांतून ती पुन्हा कुठल्यातरी नव्या रानात उतरतात. मित्र मात्र खड्ड्यात टाकलेल्या मांसाचा विचार सोडायला तयार नव्हता, आणि निघताना मी त्याच्याच बाजूने बोलत होतो.