हार्ड डिस्क फ्रीझरमध्ये ठेवू नका

‘कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर हार्ड डिस्क काढून पिशवीत गुंडाळा, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, फायली परत मिळतात’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. तो पूर्ण थाप नाही, म्हणूनच घातक आहे. जुन्या काही डिस्कमध्ये डेटा वाचणारे हेड आतल्या फिरत्या तबकडीला चिकटून बसत. थंडीने धातू आकसला की कधीकधी ते सुटे आणि डिस्क थोडा वेळ चाले. आजच्या डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. फ्रीझरमधून काढल्यावर आत दव धरलं, की वाचण्यासारखं होतं तेही जातं. एसएसडीत (चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये) तर फिरणारं काहीच नसतं. तिला गारठवून काय मिळणार?

मुळात मशीन सुरू न होणं म्हणजे डिस्क मेली असं नाही. बऱ्याचदा फक्त विंडोज बिघडलेलं असतं. पेन ड्राइव्हवरून उबुंटू ही विंडोजसारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम ‘ट्राय’ करून चालवा (इन्स्टॉल नव्हे!) आणि फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. बिटलॉकर (डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला आधी कॉपी काढायला सांगा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र लगेच बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. ते काम धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं.