टाळ्या वाजवा, पण सॉकेटचंही विचारा

कृत्रिम पायावर कोणी एकवीस किलोमीटर धावलं की फोटोखाली ‘जिद्द’ आणि ‘प्रेरणा’ हे दोन शब्द हमखास येतात. खोटं काहीच नाही त्यात. माझ्या मावसभावाने डिसेंबरात गोव्यातल्या चिखलीला हाफ मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा मीही रडत रडत टाळ्या वाजवल्या. पण सगळं जिद्दीच्या खात्यात टाकलं की बाकीचं कोणी बघत नाही, याचा मला राग येतो.

दुचाकीच्या अपघातात त्याचा पाय गुडघ्याखालून गेला. उरलेल्या भागावर, म्हणजे स्टंपवर, सिलिकॉनचा लायनर मोज्यासारखा चढतो आणि तो सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ खोबणीत, बसतो. धावताना अंगाचा भार तिथेच. त्यात आपली गोव्याची हवा! डिसेंबर असला तरी ऊन वर आलं की अंग चिकचिकतं. लायनरमधून घाम बाहेर पडत नाही, आतच साचतो. मग पाय सॉकेटमध्ये सरकतो, कातडी सोलवटते. शिवाय धावता धावता स्टंप बारीक होतो, सॉकेट सैल पडतो, मग वरून आणखी मोजा चढवावा लागतो.

अर्ध्याहून जास्त अंतर झाल्यावर तो रस्त्याकडेच्या कठड्यावर बसला. पाय काढला, लायनर उलटा केला, तर घामाची धार लागली. स्टंप पुसला, लाल झालेली जागा बोटाने चाचपली, जाड मोजा चढवला आणि उठला. बाजूचे लोक म्हणत होते, ‘दमला बिचारा.’ दमला नव्हता हो तो, पाय सुकवत होता!

रस्त्याचंही तसंच. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात. कृत्रिम पायाची उंची अगदी मोजून लावलेली असते. उतरत्या कडेने धावलं की एक पाय आखूड पडल्यासारखा होतो आणि कंबर धरते.

कर्करोगात एक पाय गमावलेला टेरी फॉक्स 1980 मध्ये कॅनडात 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला, तेही चालण्यासाठी बनवलेल्या पायावर. स्टंपमधून रक्त यायचं त्याच्या. आज धावण्यासाठी कार्बन फायबरची ब्लेड, म्हणजे पावलाच्या जागी बसणारी वाकडी लवचिक पट्टी, आहे, पण किंमत लाखांच्या घरात. 1968 च्या जयपूर फूटने असंख्य लोकांना चालतं केलं, शेतात नेलं, उकिडवं बसवलं. त्याचे उपकार मोठेच. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तो घडवलेला नाही. आणि ब्लेड मिळाली तरी सॉकेट नीट बसला नाही तर तिचा काय उपयोग? आमच्या भावाला सॉकेटच्या प्रत्येक दुरुस्तीला पुणं गाठावं लागतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळात भाग घेण्यासाठी सोयी करण्याचं कलम आहे. मग शर्यतीत पाण्याच्या टेबलापाशी एक खुर्ची, कोरडा टॉवेल आणि हात धुवायला साबण एवढं ठेवायला काय हरकत आहे? वेळेची मर्यादा ठरवताना लायनर सुकवण्याची मिनिटंही धरा. या धावपटूंना रस्त्याच्या मधून धावू द्या.

गोव्यातल्या शर्यतींचे आयोजक हे वाचत असतील तर मला जरूर कळवा. खुर्ची आणि टॉवेल घेऊन पहाटेपासून उभी राहायला मी तयार आहे.